परतवाडा ते चिखलदरा: पांदण, मुरूम आणि पायऱ्यांचा डोंगर

विदर्भात कुणी माउंटन सायकल घेतली की त्याला पहिला सल्ला मिळतो तो चिखलदऱ्याचा घाट चढून येण्याचा. सल्ला चुकीचा नाही. पण तो घाट डांबरी आहे आणि त्यासाठी जाड टायरची, सस्पेन्शनची सायकल लागतच नाही. माउंटन सायकलचं खरं काम घाटाच्या खाली आणि घाटाच्या वर आहे. खाली परतवाडा, वझ्झर, धामणगाव गढी या पट्ट्यातल्या पांदणी आणि नाले आहेत. वर मोथा, आलाडोह, शहापूर, आमझरी या गावांच्या आसपास मुरमाचे रस्ते, ढोरवाटा आणि उघडे खडक आहेत. हे सगळं एकत्र धरलं तर विदर्भातलं सगळ्यात विविध आणि सगळ्यात कष्ट घ्यायला लावणारं वाटांचं जाळं हेच, असं आमचं ठाम मत आहे. ते कुणी सायकलसाठी बांधलेलं नाही. पाट्या नाहीत, वाट किती अवघड ते सांगणारे रंग लावलेले नाहीत, कुणी दगड बाजूला करून ठेवत नाही. बैलबंडीनं, गुरांनी आणि पावसाच्या पाण्यानं पाडलेल्या या वाटा आहेत आणि त्यांचा पहिला मान शेतकऱ्याचा आणि गुराख्याचा आहे.

म्हणून इथे मोबाइलवरच्या नकाशाआधी जमिनीचा रंग वाचायला शिकावं लागतं. परतवाड्यापासून चिखलदरा रस्त्यानं जवळपास ३० किलोमीटर, चढ सुमारे ७०० मीटरचा. एवढ्याच अंतरात काळी माती, नाल्यातले गोलगोटे, तांबडा मुरूम, राखाडी खडक आणि सागाच्या पानांखाली दडलेली वाट, अशा पाच तऱ्हेच्या जमिनी लागतात. प्रत्येकीवर टायरची हवा वेगळी, शरीराचा तोल वेगळा, ब्रेकचं बोट वेगळं. एकाच जमिनीवर तरबेज झालेला सायकलस्वार इथे दुसऱ्या जमिनीवर हमखास पडतो.

सुरुवात पांदणीपासून करावी, कारण तिथेच बहुतेक लोकांची चूक होते. सपाट आहे म्हणजे सोपी आहे, असं धरून माणूस वेगात जातो. पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी बंडीवाट. वर्षानुवर्षं चाकं आणि पाणी जाऊन ती शेतापेक्षा खोल गेलेली असते. दोन्ही बाजूंनी बाभूळ, बोर, हिवर. खाली काळी माती. ट्रॅक्टर ओल्या मातीतून गेला की त्याची चाकोरी पडते आणि दिवाळीपर्यंत ती वाळून विटेसारखी कडक होते. या चाकोरीत पुढचं चाक शिरलं की हँडल वळवून बाहेर काढण्याचा प्रयत्न करू नका. टायरची बाजू चाकोरीच्या भिंतीला घासते, चाक वळतं पण चढत नाही आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. चाकोरीत शिरलात तर शिरलात. नजर वीस पावलं पुढे ठेवा, पायडल समपातळीत धरा आणि चाकोरी उथळ होईपर्यंत सरळ चला. बदलायचीच असेल तर जिथे दुसरी वाट आडवी येते तिथे, शक्य तितक्या काटकोनात, पुढचं चाक थोडं उचलून ओलांडा.

फेब्रुवारीनंतर त्याच काळ्या मातीला भेगा पडतात. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचा तो गुणच आहे. भेगा आडव्या असल्या तर सायकल नुसती खडखडते. वाटेला समांतर असल्या तर मात्र २.२५ इंची टायरसुद्धा आत अडकतो. धुऱ्याच्या कडेकडेनं जाणाऱ्या पाऊलवाटांवर अशा समांतर भेगा जास्त सापडतात, कारण तिथे माती एका बाजूनं मोकळी असते.

आणि पाऊस झालेला असेल तर पांदणीत जाऊच नका. हे जपून बोलणं नाही, हिशेब आहे. ओली काळी माती टायरला चिकटते, तिच्यावर कुटार (पिकाचा भुसा) आणि गवत चिकटतं, मग परत माती. शंभर मीटरच्या आत पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन पायांमधली जागा भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तरीही जोर लावून पायडल मारलं की मागे डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या, पिंजऱ्यात तोच लगदा अडकतो, चेन त्याला वर ओढते आणि डिरेलर थेट स्पोकमध्ये जातो. डिरेलर ज्यावर बसवलेला असतो तो हँगर तुटला तर नशीब चांगलं म्हणायचं, कारण तो तुटण्यासाठीच मऊ धातूचा केलेला असतो. नाहीतर डिरेलर आणि चार स्पोक दोन्ही जातात. मोठा पाऊस थांबल्यावर पांदण चालवण्याजोगी व्हायला चांगलं ऊन असेल तरी तीन-चार दिवस लागतात. सावलीतली पांदण आठवडाही घेते. मधेच सापडलात तर सायकल ढकलू नका, खांद्यावर उचला. ढकलताना चाक माती गोळा करतच राहतं.

पांदणीतला दुसरा धोका धसकटांचा. कापूस निघाल्यावर पऱ्हाटी उपटतात किंवा कापतात. तूर मात्र विळ्यानं तिरकी कापली जाते आणि जमिनीवर बोटभर जाडीचं, टोकदार धसकट उरतं. वाट बंद आहे म्हणून शेतातून वळसा घेतला की हे धसकट टायरच्या बाजूला, म्हणजे सगळ्यात पातळ भागात, घुसतं. बाजूचा चिरा सीलंटनं, म्हणजे टायरच्या आतल्या भोक बुजवणाऱ्या द्रवानं, बुजत नाही. एकतर शेतातून जाणं हे मुळातच योग्य नाही, आणि त्यात टायरही जातो.

तिसरा धोका तारेचा. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) पिकात येतात म्हणून शेताभोवती झटका मशीनची तार असते. सौरऊर्जेवर चालणारी तार झटका देते, जीव घेत नाही, पण सायकलच्या धातूच्या हँडलला लागली तर पडायला तेवढं पुरेसं आहे. वाटेत आडवी तार असेल तर तिला प्लॅस्टिकची मूठ असलेला आकडा बहुतेक असतो. तो धरून सोडवा आणि ओलांडल्यावर तसाच परत लावा. काही ठिकाणी मात्र लोक बेकायदा थेट विजेचा प्रवाह सोडतात आणि त्यात माणसं मेलेली आहेत. म्हणून अंधारात किंवा संधिप्रकाशात पांदणीत सायकल चालवू नये, ही एकच गोष्ट आम्ही नियम म्हणून सांगू. पांदणीच्या उरलेल्या गोष्टी सल्ला म्हणून घ्या.

वाट विचारायची एक पद्धत आहे. "रस्ता आहे का?" असं विचारलं की उत्तर डांबरी रस्त्याचं मिळतं. "भाऊ, बंडी जाते का इकडून?" असं विचारा. बंडी जात असेल तर सायकल जाते. डोंगराखाली उतरायचं असेल तर "ढोरं कुठून उतरतात?" हे विचारा. गुरं ज्या वाटेनं रोज उतरतात तिचा उतार बेताचा असतो, ती वळणं घेत येते. माणसाची पाऊलवाट सरळ तुटून खाली येते आणि सायकलसाठी बहुतेकदा निरुपयोगी ठरते.

डोंगराच्या पायथ्याशी जमीन एकदम बदलते. सातपुड्यावरून येणाऱ्या नाल्यांनी हजारो वर्षं दगडगोटे आणून इथे पसरले आहेत. हाच पट्टा पाणी मुरवतो म्हणून संत्र्याच्या बागा इथे आहेत. नाल्याच्या पात्रात नारळाएवढे गोलगोटे आणि मधे वाळू. इथे वेग कमी केलात की अडकलात. चढाला लावतो त्यापेक्षा दोन गिअर जड ठेवून, मागे बसून, हँडल सैल धरून पुढचं चाक जिकडे जाईल तिकडे जाऊ द्यायचं. संत्रा तोडणीच्या दिवसांत, म्हणजे आंबिया बहाराच्या वेळी ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराच्या वेळी फेब्रुवारी-मार्चमध्ये, या भागातल्या पांदणींतून क्रेट भरलेल्या गाड्या येतात. वळणावर आवाज द्या आणि भरल्या गाडीला वाट सोडा. वझ्झरजवळच्या सापन धरणाच्या बाजूनं जाणारे कालव्याचे रस्ते दिसायला छान आहेत, पण माउंटन सायकलला तिथे फारसं काही नाही. पाय मोकळे करायला ठीक.

घाटाबद्दल थोडक्यात. धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारा रस्ता माउंटन सायकलवर करायचा असेल तर सकाळी लवकर सुरू करा आणि शनिवार-रविवार टाळा. पावसाळी सुट्ट्यांत गाड्यांची रांग असते, वळणावर समोरून येणारा चालक धुक्यात दिसत नाही. टायरमध्ये डांबरापुरती हवा वाढवा आणि वर पोचल्यावर उतरवा. दुसरा पर्याय म्हणजे सायकल गाडीवर टाकून थेट मोथ्याला उतरणं. त्यात कमीपणा काही नाही. पायात ताकद राखून ठेवली तर ती वरच्या पठारावर जास्त उपयोगी पडते.

पठार हा या जाळ्याचा प्राण आहे. उंची सुमारे १,१०० मीटर, हवा खालच्यापेक्षा चार-पाच अंशांनी थंड. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटं आखडतात, पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. गावांना जोडणारे मुरमाचे रस्ते रुंद आहेत आणि पहिल्या दिवशी जमीन ओळखायला तेच उत्तम. मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. ओला असताना तो घट्ट बसतो आणि टायरला अप्रतिम पकड देतो. नोव्हेंबरनंतर वाळला की वरचा थर सुटून बाजरीच्या दाण्यांसारखा पसरतो. वळणावर टायर त्या दाण्यांवर घरंगळतो. यावर उपाय एकच: ब्रेकचं काम वळणाच्या आधी संपवायचं, वळणात बाहेरचा पाय खाली दाबायचा आणि सायकल झुकवायची, स्वतः झुकायचं नाही. वळणात पुढचा ब्रेक धरला की गुडघा फुटलाच. गुडघ्याचे पॅड इथे हौस नाही, गरज आहे. खरवडलेल्या गुडघ्यातून मुरूम काढणं फार वेदनेचं काम असतं.

रस्त्यांवरून फुटणाऱ्या ढोरवाटा हा पुढचा टप्पा. मोथा हे गवळ्यांचं गाव. म्हशी आणि गाई रोज त्याच वाटांनी चरायला जातात, त्यामुळे हातभर रुंदीच्या, वळणावळणाच्या वाटा आयत्याच तयार झाल्या आहेत. ज्यांनी परदेशातल्या खास बांधलेल्या वाटांचे व्हिडिओ पाहिले असतील त्यांना त्या वाटांचा लय इथे ओळखू येईल. फरक इतकाच की इथे खूर रुतल्याचे खड्डे असतात आणि ते वाळले की सायकल दाणदाण आदळते. मागच्या टायरची हवा दोन पीएसआयनं (हवेच्या दाबाचं माप) कमी केली की फरक जाणवतो. गुरं समोर आली तर उतरून बाजूला उभे राहा, सायकल स्वतःच्या आणि जनावराच्या मधे ठेवा. घंटी वाजवू नका. म्हैस बिचकली की उतारावर धावते आणि तिचा पाय मोडला तर एका घराचं दूध थांबतं. गुराख्याला राम राम करा, तो पुढची वाट कशी आहे ते स्वतःहून सांगतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या वाटांवर कुसळ असतं. मोज्यात रुतून ते पाय सोलतंच, पण त्याहून जास्त त्रास सायकलला होतो. गवताच्या लांब काड्या डिरेलरच्या छोट्या चाकांभोवती आणि मागच्या हबच्या कडेला गुंडाळल्या जातात. चेन उड्या मारायला लागली की गिअरची तार पिळण्याआधी खाली बघा. दहापैकी आठ वेळा गवतच असतं. खिशातल्या लहान चाकूनं ते कापून काढा, ओढू नका. ओढलं की ते बेअरिंगच्या सीलखाली आणखी आत जातं. वाटेच्या कडेला वाढलेली रायमुनिया (घाणेरी) दंड ओरबाडते. तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा पुरे.

आता खडक. या जाळ्यातलं सगळ्यात अवघड आणि आमच्या मते सगळ्यात सुंदर काम इथेच आहे. गाविलगडचा डोंगर लाव्ह्याच्या आडव्या थरांचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर साचले, त्यातले काही घट्ट आणि काही सच्छिद्र. दख्खनच्या या खडकाला भूशास्त्रात ट्रॅप म्हणतात. स्कँडिनेव्हियाच्या भाषांतून आलेल्या त्या शब्दाचा अर्थच पायरी. सच्छिद्र थर लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो, घट्ट थर टिकून राहतो. म्हणून उतारावर पायरी, मग मुरमाची घसरण, मग पुन्हा पायरी, अशी रचना सारखी येत राहते. ही रचना एकदा डोळ्यांत बसली की न पाहिलेल्या वाटेवरही पुढे काय येणार याचा अंदाज येतो. तांबडा मुरूम पायाखालून संपून राखाडी, सपाट, भेगाळ खडक सुरू झाला की त्या खडकाच्या टोकाला पायरी असणार. तिथे पोचण्याआधी थांबा आणि चालत जाऊन बघा.

पायरीची उंची गुडघ्याच्या खाली असेल आणि खाली उतरायला मोकळी जागा असेल तर सीट खाली करून, दोन्ही पायडल समपातळीत, कोपर बाहेर, छाती हँडलच्या जवळ ठेवून चाक हळूहळू सोडत उतरता येतं. पुढचं चाक खाली टेकेपर्यंत पुढचा ब्रेक हलका धरायचा आणि टेकताक्षणी सोडायचा. नवखे लोक नेमकं उलट करतात: घाबरून अंग पार मागे नेतात. मग पुढच्या चाकावर वजनच उरत नाही आणि ते मुरमावर घसरतं. पायरीखाली मुरूम असतो हे विसरू नका. उडी मारून उतरलात तर सायकल घसरणीवरच उतरते, थांबायला जमीनच मिळत नाही. गुडघ्याच्या वरची पायरी असेल तर सायकल हातात घेऊन उतरा.

दुसरा फसवा भाग म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटणारा खडक. बेसाल्ट बाहेरून आत असा थराथरानं कुजतो आणि मधे गोल गाभा उरतो. ते गोल दगड जमिनीत पक्के बसल्यासारखे दिसतात, पण चाक कडेवर पडलं की गडगडतात. मधूनमधून गारगोटीचे पांढरे तुकडे पडलेले असतात. ते काचेसारखे धारदार असतात, त्यांच्यावरून टायर जाऊ देऊ नका. पावसाळ्यात याच खडकावर शेवाळ येतं आणि जुलै ते सप्टेंबर पायऱ्यांची वाट चालवण्याजोगी राहतच नाही. धुकं असेल तर कड्यांकडे फिरकू नका. भीमकुंड, पंचबोल, देवी पॉइंट या ठिकाणी कडा अचानक तुटतो. तिथे सायकल लांब उभी करून पायी जायचं. मोठ्या कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात, त्यांच्याजवळ आरडाओरडा नको.

जानेवारीनंतर सागाची पानगळ सुरू होते. सागाचं वाळकं पान ताटाएवढं, कुरकुरीत आणि घसरडं. त्याच्याखाली दगड आहे की खड्डा, काही कळत नाही. या दिवसांत पानांनी झाकलेला उतार वेगात घेणं म्हणजे डोळे मिटून घेणं. शिवाय तो वणव्याचा हंगाम आहे. विडी, सिगारेट, स्टोव्ह काहीही जंगलात नको.

कुठे जायचं नाही हेही स्पष्ट सांगायला हवं. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आणि चिखलदऱ्याच्या चारही बाजूंना जंगल आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, सायकलही त्याला अपवाद नाही. वैराट हे या रांगेतलं सर्वोच्च ठिकाण असल्यामुळे सायकलवाल्यांना त्याची ओढ असते, पण ते राखीव क्षेत्रात आहे, परस्पर जाऊ नका. गाविलगडावरही पायीच जावं. नव्या वाटेवर जायचं ठरवलं तर आधी चिखलदऱ्यातल्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन वाट नकाशावर दाखवा आणि हद्द विचारून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. ते न करता कुणाच्या तरी जीपीएस रेषेवर विसंबून गेलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तसं दोनदा झालं की बाकीच्या वाटाही सायकलसाठी बंद होतील.

अस्वलाबद्दल विशेष सावध राहा. बिबट्या सहसा माणसाला टाळतो. अस्वलाची नजर अधू असते आणि सायकल आवाज न करता त्याच्या अगदी जवळ पोचते. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडतात. ती वेचायला पहाटे माणसंही जातात आणि अस्वलंही येतात. त्या महिन्यांत ऊन चांगलं वर येईपर्यंत मोहाच्या झाडांकडची वाट टाळा. सूर्य मावळण्याआधी दीड तास जंगलाच्या कडेची वाट सोडून गावाच्या रस्त्यावर यायला हवं.

सायकल कोणती, हा प्रश्न सगळे विचारतात. पुढे १२० ते १३० मिमी सस्पेन्शनची हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, या जाळ्याचा नव्वद टक्के भाग उत्तम करते. मागे सस्पेन्शन असेल तर पायऱ्यांवर आराम आहे, पण मुरमाच्या धुळीत त्याची बेअरिंगं लवकर वाजायला लागतात आणि दुरुस्ती अमरावतीशिवाय होत नाही. आमचा कल हार्डटेलकडे आहे. फोर्कचा सॅग, म्हणजे सायकलवर बसल्यावर तो जितका दबतो ते माप, १५ ते २० टक्के ठेवा.

टायरवर कंजुषी करू नका. २.३५ इंची, बाजू मजबूत असलेला, ट्यूबलेस. ७० किलो वजनाच्या माणसाला पुढे २१ आणि मागे २४ पीएसआयपासून सुरुवात करता येईल. ट्यूब वापरत असाल तर २८ ते ३२ ठेवावे लागतात, नाहीतर पायरीच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून दोन समांतर भोकं पडतात. २९ इंची टायरमध्ये १०० ते १२० मिली सीलंट लागतं. बाटलीवर तीन-चार महिने लिहिलेलं असलं तरी विदर्भाच्या उन्हात ते सहा-आठ आठवड्यांत वाळतं. एप्रिल-मेमध्ये महिन्याला एकदा टायर हलवून पातळ द्रवाचा आवाज येतो का ते ऐका.

काटे दोन जातींचे. बाभळीचा लांब, सरळ काटा सरळ आत जातो. सीलंट असेल तर तो लगेच काढा आणि भोक खाली येईल असं चाक धरून अर्धा मिनिट थांबा. ट्यूब असेल तर मात्र काटा काढायची घाई नको. हवा हळू जात असेल तर सावलीपर्यंत जा, मग काढा. बोराचा काटा आखूड आणि वाकडा, त्याचं टोक टायरच्या आत मोडून राहतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काटा आहे. बोट फिरवलं तर बोटात जाईल. हे न करता ट्यूब बदलणारे दहा मिनिटांत दुसऱ्यांदा बसलेले दिसतात आणि दोष ट्यूबला देतात.

ब्रेक. सायकलस्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले तर ७०० मीटर उतरताना सुमारे ६०० किलोज्यूल ऊर्जा सुटते. पावणेदोन लिटर गार पाणी उकळायला लावण्याइतकी. खडकाळ वाटेवर हळू उतरलात की ती जवळजवळ सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते. म्हणून पुढे १८० मिमीचा रोटर, म्हणजे ब्रेकची डिस्क, आणि धातूमिश्रित पॅड घ्या. पॅड बदलताना रोटरवर "फक्त रेझिन" असं लिहिलेलं नाही ना ते बघा. स्वस्त सायकलींच्या रोटरवर तसं असतं आणि धातूमिश्रित पॅड तो रोटर खाऊन टाकतात. उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका. जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासल्यानं पॅडच्या तोंडावर काचेसारखा थर येतो आणि मग कितीही दाबलं तरी नुसता आवाज येतो. तसं झालं तर घरी आल्यावर पॅड काढून बारीक पॉलिश पेपरवर गोल घासा.

गिअरसाठी पुढची चकती ३२ दातांची आणि मागची मोठी चकती ५० दातांची असली म्हणजे मिनिटाला ६० पायडल मारून ताशी पाच किलोमीटरच्या आसपास चढता येतं. मुरमाच्या चढाला तेवढंच हवं. पुढे तीन, मागे आठ चकत्यांची जुनी सायकल असेल तर पुढे २२, मागे ३४ म्हणजे हिशेब जवळपास तोच. नवीन सायकल घ्यायची गरज नाही. चेनला धुळीच्या दिवसांत मेण किंवा कोरडं वंगण. मशीनचं जाड तेल लावलं की मुरमाची धूळ त्यात मिसळून कानस तयार होते आणि एका हंगामात चेन आणि कॅसेट (मागच्या चकत्या) दोन्ही जातात.

सोबत काय असावं: ट्यूबलेसचे प्लग, एक ट्यूब, आपल्याच सायकलचा जादा हँगर, चेनचा जोडदुवा दोन, चेन तोडायचं हत्यार, पंप, प्रेस्टा व्हॉल्व्हचं (सायकलच्या बारीक तोंडाच्या व्हॉल्व्हचं) अॅडॉप्टर. परतवाड्याच्या बाजारात २६ इंची ट्यूब आणि साधी दुरुस्ती मिळते. २९ ची ट्यूब, सीलंट, ब्रेकचं मिनरल ऑइल मिळेलच असं धरून निघू नका. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटारसायकलच्या व्हॉल्व्हचं. अॅडॉप्टर नसेल तर शेजारी उभं राहून हवा बघत बसावं लागतं.

पाणी माणशी तीन लिटर, मार्चनंतर चार. पायथ्याशी पारा ४० च्या वर जातो तेव्हा सकाळी दहाच्या आत वर पोचा किंवा बेत रद्द करा. मीठ-साखरेची पाकिटं ठेवा. गावात हापशी असते, पण उन्हाळ्यात गावालाच पाणी कमी पडतं, तिथे बाटल्या भरण्याआधी विचारा. खाण्याची सोय मात्र चांगली. मोथ्याचा खवा, चिखलदऱ्याची रबडी, हंगामात सिताफळं आणि हिवाळ्यात स्ट्रॉबेरी. खवा परतीच्या वाटेवर घ्या, चढाआधी खाल्लात तर पोटात गोळा होतो. पठारावर मोबाइलची रेंज येते-जाते. नकाशा आधी उतरवून ठेवा, एकट्यानं जाऊ नका आणि जेवायला थांबता तिथे कोणत्या वाटेनं चाललात ते सांगून निघा. चिखलदऱ्यात ग्रामीण रुग्णालय आहे, त्यापुढे अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि मग अमरावती. हाड मोडलं असेल तर घाट उतरण्यातच तासभर जातो, म्हणून त्रिकोणी पट्टी आणि एक खपच्ची पिशवीत असू द्या.

एकूण माप द्यायचं तर विविधतेला पाचपैकी पाच, खडकाच्या भागाला पाच, पांदणींना साडेतीन, घाटाला तीन, सोयींना दीड. पहिल्यांदा येणाऱ्यानं दोन दिवस ठेवावेत. पहिल्या दिवशी पठारावरचे मुरमाचे रस्ते आणि ढोरवाटा, १५ ते २० किलोमीटर पुरे. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांचा एकच तुकडा, तोही तीन-चार वेळा, आधी पायी आणि मग सायकलवर. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीचा शेवट हा काळ सगळ्यात चांगला. काळी माती वाळलेली असते, भेगा पडायच्या असतात, मुरमात सुरुवातीला थोडी ओल टिकून असते.

परत आल्यावर सायकल लगेच धुवायला घेऊ नका. काळी माती आधी वाळू द्या, मग ब्रशनं झटका, ढेकळं आपोआप सुटतात. ओली असताना पाणी मारलं तर तिचा लगदा हबमध्ये आणि चेनच्या सांध्यांत जातो. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा जोराचा फवारा बेअरिंगवर कधीच मारू नका. शेवटी दोन्ही टायरची हवा मोजून कागदावर लिहा आणि सकाळी पुन्हा मोजा. तीन-चार पीएसआय उतरले असतील तर बहुतेक बोराचा काटा अजून आत आहे. टायर पाण्याच्या टबात फिरवा, बुडबुडे येतील तिथे खडूनं खूण करा आणि चिमट्यानं तो ओढून काढा.